आघाड्याचा उलटा तुरा

आश्विनात गावाबाहेरच्या कोणत्याही वाटेला लागा. कुंपणाच्या कडेला, पडक्या भिंतीशी, उकिरड्याच्या बाजूला आघाडा उभा असतो. कमरेइतका उंच, पानं समोरासमोर, पेरं फुगलेली, आणि शेंड्यातून सरळ वर निघालेला वीत-दीड वीत, कधी हातभर तुरा. तो तुरा चिमटीत धरून वरून खाली ओढून पाहा. बोटं सुळकन घसरतात. आता खालून वर ओढा. लगेच टोचतं आणि चार-सहा दाणे चिमटीत निघून येतात.

असं का होतं, ते तुरा डोळ्यांजवळ आणला की दिसतं. अगदी वर, टोकाशी, कळ्या आकाशाकडे तोंड करून दाटीनं बसलेल्या असतात. थोडं खाली उमललेली फुलं आहेत: हिरवट, कडांना गुलाबी झाक असलेली, अगदी लहान. ही फुलं दांड्यापासून बाहेर, आडवी निघालेली. त्याच्या खाली फळं धरलेली आहेत आणि ती सगळी मान खाली घालून दांड्याला चिकटून बसली आहेत. कळी वर, फूल आडवं, फळ खाली. एकाच तुऱ्यावर तीन वयं एकाखाली एक लावलेली. प्रत्येक फळाला बुडाशी दोन छोटी, काट्यासारखी टोकदार पानं असतात. फळ उलटं झालं की काट्यांची टोकंही जमिनीकडे वळतात. म्हणून वरून खाली हात फिरवला तर काटे निमूट दबतात, आणि खालून वर फिरवला तर उभे ठाकतात.

या उलटेपणाचा झाडाला उपयोग काय? वाटेनं माणूस चालला आहे असं धरा. पायजम्याचा पायचा तुऱ्याला लागतो. तुरा पुढे वाकतो आणि कापड त्याच्यावरून सरकू लागतं, बुडाकडून शेंड्याकडे. म्हणजे नेमकं टोचणाऱ्या दिशेनं! फळं काट्यांसकट कापडात रुततात आणि निघून येतात. शेळीच्या केसांत, कुत्र्याच्या शेपटीत, गवताला गेलेल्या बाईच्या लुगड्यात हेच घडतं. घरी आल्यावर ओटीवर बसून एकेक दाणा उपटून अंगणात टाकला, की पुढच्या पावसाळ्यात तिथे आघाडा. पायाखाली येणाऱ्या या रानटी झाडानं माणसाच्या पायाचाच वापर करून उष्ण प्रदेशांत सगळीकडे घर केलं आहे.

मला नवल याचं वाटतं की फळाचं हे उलटं लोंबणं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी असंच जवळून पाहिलं होतं. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात सतरा ते एकोणीस ही तीन सूक्तं आघाड्याला, म्हणजे अपामार्गाला, उद्देशून आहेत आणि सातव्या कांडात आणखी एक आहे. त्यांत ऋषी झाडाला सांगतो, की तुझी फळं उलटी वळलेली आहेत, तू उलटा वाढला आहेस. मग त्यावरून मागणं मागतो: कुणी माझ्यावर करणी केली असेल, शाप पाठवला असेल, तर तो पाठवणाऱ्याकडेच उलटव. मंत्रावर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण हा मंत्र उभा आहे तो तुऱ्याच्या निरीक्षणावर, आणि ते निरीक्षण बिनचूक आहे. वनस्पतीशास्त्राच्या आजच्या पुस्तकातही आघाडा ओळखायची पहिली खूण हीच दिलेली असते. त्याच सूक्तांत झाडाकडे आणखीही मागणं आहे. भुकेनं येणारं मरण, तहानेनं येणारं मरण, गोठ्यात गाय नसणं, घरात मूल नसणं, हे सगळं पुसून टाक म्हणून. राजसूय यज्ञात राजाला अभिषेक होण्याआधी आघाड्याच्या दाण्यांचा होम करायचा विधी होता, तोही दुष्ट शक्तींना पुसून काढण्यासाठी.

भुकेचा धागा पुढे चरकसंहितेत पुन्हा हाती लागतो. तिच्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्या अध्यायाचं नावच आघाड्याच्या दाण्यांवरून पडलं आहे. अध्यायाची सुरुवात होते ती डोक्यात साठलेला कफ नाकावाटे काढणाऱ्या औषधांनी, आणि त्यांत सर्वांत आधी येतात ते हे दाणे. पुढे पंचविसाव्या अध्यायात चरकांनी प्रत्येक कामासाठी श्रेष्ठ द्रव्य कोणतं याची मोठी यादी दिली आहे. तिथेही या कामात पहिला मान आघाड्याला आहे. पण मला अधिक ओढ वाटते ती दुसऱ्या अध्यायातल्या पेजांच्या यादीची. अठ्ठावीस पेजा सांगितल्या आहेत, कुणी तहानेवर, कुणी दम्यावर, कुणी पोटदुखीवर. त्यांतली शेवटची आघाड्याच्या दाण्यांची, दुधात आणि घोरपडीच्या मांसरसात शिजवलेली, आणि तिचं काम भूक मारणं. (घोरपड आज वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, तेव्हा या पाठातला तो भाग पुस्तकातच राहू द्यायचा.) काही न खाता दिवसच्या दिवस राहणारे बैरागी आघाड्याच्या बियांची खीर खातात, ही गोष्ट आपल्याकडे अजून सांगतात. तिच्या पाठीशी इतका जुना पाठ आहे.

या झाडाचं वर्ष कसं जातं ते पाहिलं, तर आपल्या घरातले त्याचे उपयोग वयाप्रमाणे लावलेले दिसतात.

मृगाचा पाऊस पडला की रोपं वर येतात. आषाढापर्यंत पानं लुसलुशीत असतात. तेव्हा त्यांची भाजी करतात. पानं खुडून, उकळत्या पाण्यातून काढून, पिळून, बारीक चिरायची. तेलात लसूण, हिरवी मिरची आणि कांदा, वर भिजवलेली मूगडाळ, मग पानं. आघाडा हा राजगिरा, माठ, कुर्डू आणि देवघरातल्या कोंबड्याच्या फुलाचा भाऊबंद आहे. त्यामुळे चव या घराण्याच्या वळणावर जाते, फक्त किंचित कडवटपणा अधिक. पाणी पिळून टाकायचं ते या कुळातल्या पालेभाज्यांत ऑक्झलेट असतं म्हणून. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी ही भाजी नको. कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवात ऑगस्टमध्ये आदिवासी पाड्यांवरच्या बाया आघाडा घेऊन येतात, पण खरं तर तोवर भाजीचे दिवस संपत आलेले असतात.

श्रावणात पानं रुंद होतात, देठ अजून लवचीक असतात. त्या वेळी शुक्रवारी जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ घालतात. भाद्रपदात दादरच्या फुलबाजारात आणि पुण्याच्या मंडईबाहेर पत्रीच्या जुड्यांत तो असतोच, गणपतीच्या एकवीस पत्रींतला म्हणून. लगेच ऋषिपंचमीला बाया आघाड्याच्या काड्यांनी दात घासतात. या दिवसांपर्यंत खोड इतपत जून झालेलं असतं की चावल्यावर त्याचा चोथा न होता धागे सुटे होतात आणि कुंचला तयार होतो. महिनाभर आधी ती काडी मऊ पडली असती, दोन महिन्यांनी दाताखाली कडक लागली असती. झाडात सॅपोनिनं आहेत, म्हणजे पाण्यात फेस धरणारी द्रव्यं. दातवण म्हणून आघाड्याची काडी खेड्यापाड्यांत एरवीही वापरत आले आहेत. व्रतानं तिला एक दिवस ठरवून दिला. तुरे वाळून झाड काटकी झालं की समिधा होतात. नवग्रहांच्या होमात बुधाची समिधा आघाड्याची. आणि उरलेलं वाळकं झाड जाळून राख करतात. त्या राखेकडे मी येणारच आहे, कारण या झाडाचं सर्वांत मोठं काम तिच्यात आहे.

पण त्याआधी मुळात डोकावू. १९५४ साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन या दोघांनी कीटकांना कात टाकायला लावणारं संप्रेरक पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं. त्यासाठी त्यांना रेशीमकिड्यांचे ५०० किलो कोश लागले, आणि हाती आले अवघे २५ मिलिग्रॅम. पुढे १९६०च्या दशकात जपानमधल्या शास्त्रज्ञांना त्याच घराण्यातलं द्रव्य, एक्डिस्टेरॉन, झाडांत सापडू लागलं. त्यांत आघाड्याच्या एका जपानी चुलतभावंडाची मुळं होती. आपल्या आघाड्यातही ते निघालं. अर्धा टन कोशांतून चिमूटभरही न मिळणारं किड्यांचं संप्रेरक उकिरड्यावरचं झाड आपल्या अंगात बाळगून आहे! कशाला? अळीनं पाला खाल्ला की तिच्या शरीरात कात टाकायचा इशारा अवेळी पोचावा, वाढीचं वेळापत्रक विसकटावं, यासाठी. झाडाला पळता येत नाही, म्हणून त्यानं शत्रूचीच भाषा शिकून घेतली. माणूस कात टाकत नाही, त्यामुळे आपल्यावर या द्रव्याचा तसा परिणाम होत नाही. चीनमध्ये आघाड्याच्याच जातकुळीतल्या एका झाडाचं मूळ गुडघे आणि कंबर यांच्या दुखण्यावर दोन हजार वर्षांच्या आसपास वापरात आहे. तिथे त्याचं नाव बैलाच्या गुडघ्यावरून पडलं, कारण पेरं तशीच फुगलेली असतात. आपल्याकडच्यांनी तुरा पाहिला, तिकडच्यांनी पेरं.

आता ज्या उपयोगाबद्दल सर्वांत जास्त ऐकू येतं, त्याकडे. विंचू चावला की आघाड्याचं मूळ किंवा पानं वाटून दंशावर लावायची. काही ठिकाणी नुसतं मूळ दंशावरून खाली उतरवतात. कोकणापासून विदर्भापर्यंत हा उपाय माहीत नसलेलं गाव विरळा, आणि तो सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांनी दुखणं उतरताना डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण त्यांनी पाहिलेला विंचू बहुतेक वेळा मोठा, काळा असतो. तो भयंकर ठणका देतो, जीव सहसा घेत नाही, आणि ठणका काही तासांनी आपोआप ओसरतो. पाला लावा, मूळ उतरवा, नाहीतर नुसते बसून राहा, ओसरतोच. श्रेय मात्र हातात असलेल्या औषधाला मिळतं.

लाल विंचवाची गोष्ट वेगळी आहे. तो लहान असतो आणि दंशाच्या जागी कधीकधी फारसं दिसतही नाही. पण त्याचं विष शरीरातल्या अ‍ॅड्रेनालिनचा बांध फोडतं. घाम, उलट्या, थंडगार हातपाय, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. महाडला आणि आसपासच्या खेड्यांत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे रुग्ण वर्षानुवर्षं उशाशी बसून पाहिले, १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांची लक्षणं मांडली आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीनं त्यांना वाचवता येतं हे दाखवून दिलं. गंभीर रुग्णांतलं ३० ते ४० टक्क्यांचं मृत्यूचं प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आलं. म्हणून विंचू चावला की, विशेषतः मुलाला, पाला शोधण्यात एक मिनिटही घालवायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. बावस्करांनी केलं तेही जवळून पाहणंच होतं. फरक एवढाच, की कोणता रुग्ण आपोआप बरा होतो आणि कोणता होत नाही, हे त्यांनी वेगळं करून पाहिलं. कुत्र्याच्या चाव्यावरही आघाडा सांगतात. तिथे तर रेबीजची लस सोडून दुसरा विचारच करायचा नाही.

बाळंतपणाबाबतही असंच. अडलेल्या बाईच्या कमरेला आघाड्याचं मूळ बांधायची रीत होती आणि प्रसूती झाली की ते तातडीनं सोडायचं. बांधण्यानं काही होत नसेल, पण पोटात घेण्याची गोष्ट निराळी. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आघाड्याच्या अर्कानं गर्भ रुजायला अडथळा आणलेला आहे. गरोदरपणी आघाडा औषध म्हणून पोटात घेऊ नये.

आता राख.

वाळलेलं झाड मुळासकट जाळतात. राख गार झाली की तिच्या सहापट पाण्यात ती कालवतात, हातानं चांगली चोळतात आणि रात्रभर निवत ठेवतात. सकाळी वरचं पाणी कापडातून गाळायचं, पुन्हा गाळायचं; सुश्रुतानं सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात क्षाराची कृती देताना एकवीस वेळा गाळायला सांगितलं आहे. पाणी स्वच्छ, जरासं पिवळसर दिसू लागतं. मग ते लोखंडी कढईत आटवायचं. शेवटी तळाशी पांढुरका थर राहतो. टोपलीभर काटक्यांतून निघणारा हा थोडासा ऐवज म्हणजे आघाड्याचा क्षार.

यात घडतं काय? झाडाच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं आणि आघाड्यात तर चांगलंच. जाळल्यावर पाणी, कार्बन, नायट्रोजन हवेत जातात, पोटॅशियम मागे राहतं, बहुतांशी कार्बोनेटच्या रूपात. ते पाण्यात विरघळतं. राखेतला चुना आणि वाळूचा अंश विरघळत नाही, तो गाळात बसतो. म्हणजे इतक्या गाळण्यांमागे नेमका हिशोब आहे: विरघळणारं ठेवायचं, न विरघळणारं टाकायचं. उरतो तो तीव्र अल्कधर्मी पदार्थ. तो ओल्या मांसाला लागला की तिथली प्रथिनं विरघळवतो, पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध भागाचा साबण करतो आणि सडका भाग सुटून येतो. सुश्रुतानं शस्त्रं आणि शस्त्रासारखी वापरायची साधनं यांत क्षाराला सर्वांत वरचं स्थान दिलं, कारण तो कापतो, फोडतो आणि खरवडतो, तेही शस्त्र जाऊ शकणार नाही अशा जागी.

अशी सर्वांत अवघड जागा म्हणजे भगंदर. गुदमार्गाच्या आतल्या एखाद्या ग्रंथीत पू होतो आणि तो मांसातून वाट काढत बाहेरच्या कातडीपर्यंत बोगदा खणतो. बोगदा भरतो, फुटतो, पुन्हा भरतो, वर्षानुवर्षं. तो उघडून साफ करायचा म्हटलं तर मधे मळ रोखून धरणाऱ्या स्नायूचा वेढा येतो. तो एका फटक्यात कापला तर त्याची दोन टोकं आखडून दूर जातात आणि रुग्णाचा ताबा जाण्याची भीती असते. सुश्रुताला ही अडचण ठाऊक होती. चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात तो सांगतो, की रुग्ण कृश असेल, दुबळा असेल, भित्रा असेल किंवा नाडी, म्हणजे हा बोगदा, मर्माजवळ असेल, तर शहाण्यानं शस्त्र न चालवता क्षार लावलेल्या दोऱ्यानं ती कापावी. एषणी नावाच्या सळईनं वाट चाचपायची आणि तिच्यामागून दोरा ओवायचा. अकराव्या शतकात चक्रपाणिदत्तानं हळद आणि निवडुंगाचा चीक लावून दोरा करायची कृती लिहून ठेवली.

मधल्या काळात हे ज्ञान मागे पडलं. १९६०च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा हाती घेतलं आणि दोऱ्याची रीत पक्की केली. विसाव्या नंबरचा लिननचा दोरा चौकटीवर ताणायचा. त्याला निवडुंगाच्या चिकाचे अकरा लेप, प्रत्येक लेप वाळल्यावर पुढचा. नंतर चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे सात. शेवटी चीक आणि हळद यांचे तीन. एकूण एकवीस. चीक क्षाराला दोऱ्यावर धरून ठेवतो, क्षार कापतो, हळद सूज आवरते.

हा दोरा नाडीतून ओवून बाहेर गाठ मारतात. दर आठवड्याला जुन्या दोऱ्याच्या टोकाला नवा बांधून ओढून घेतात, म्हणजे पुन्हा सळई घालावी लागत नाही. सरासरी आठवड्याला एक सेंटिमीटर वाट कापली जाते. इतकी हळू, की पुढे दोरा कापत असताना मागची जखम भरत येते आणि स्नायूची टोकं जागच्या जागी धरून राहतात. सुरीला जे एका मिनिटात करायला भीती वाटते, ते हा दोरा दोन महिन्यांत करतो. मुद्दाम सावकाश कापणारं शस्त्र!

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं याची परीक्षा घेतली. अनेक रुग्णालयांत रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली, एका गटाला हा क्षाराचा दोरा, म्हणजे क्षारसूत्र, आणि दुसऱ्याला नेहमीची शस्त्रक्रिया. निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. जखम भरायला क्षारसूत्राला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेला चार. भगंदर उलटण्याचं प्रमाण मात्र क्षारसूत्रात ४ टक्के निघालं आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के.

वरळीच्या पोदार आयुर्वेद रुग्णालयात आणि महाराष्ट्रातल्या अनेक ठिकाणी हा उपचार आज नित्याचा आहे, आणि दोरा ओवण्याआधी एमआरआय काढून नाडीच्या फांद्या कुठे कुठे गेल्या आहेत ते पाहून घेतात. लवकर मोकळं व्हायचं आणि दुखणं उलटण्याचा धोका थोडा जास्त पत्करायचा, की आठ आठवडे दर आठवड्याला दोरा बदलून घ्यायला जायचं, हे रुग्णानं आपल्या शल्यचिकित्सकाशी बसून ठरवायचं.